गावावरचं टिंब

आमच्या घरी एक आत्या राहायची. तिला आम्ही सगळी भावंडं पुलगावची आत्या म्हणायचो. राहायची मात्र ती आमच्यासोबत, वर्धेजवळच्या आंजीला. पुलगावला तिचं लग्न झालं होतं आणि दोन वर्षं ती तिथं नांदली होती, एवढाच तिचा आणि पुलगावचा संबंध. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी तो संपला होता. पण दुसऱ्या पोरांना जशी नागपूरची मावशी असते, यवतमाळचा मामा असतो, तशी आम्हाला पुलगावची आत्या होती, आणि ती रोज दोन्ही वेळा आमच्याच चुलीपुढं बसलेली असायची. यात काही चमत्कारिक आहे हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत जाणवलं नाही. जाणवलं तेव्हा तिनं खाटेखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली होती आणि ती घर सोडायला निघाली होती. त्याला कारण मी होते.

ती माहेरी परत का आली ते आम्हाला कोणी समोर बसवून सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं कळलं ते एवढंच की नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, आणि ही एक दिवस बैलबंडीत बसून आंजीला आली. दारात उतरताना म्हणाली, "चार दिस राहीन." माझे आजोबा "बरं" म्हणाले. ते चार दिवस पुढं कोणी मोजले नाहीत. आजोबा गेले, बाबांचं लग्न झालं, सेलूहून आई आली, आम्ही पाच भावंडं झालो, आणि आत्या होती तिथंच होती. नवरा जिवंत होता म्हणून कपाळावर कुंकू आणि गळ्यात काळी पोत राहिली. पुलगावबद्दल विचारलं तर एकच गोष्ट सांगायची: "गिरनीचा भोंगा लय जोरानं वाजे. मी त त्याच्यावरच उठो." आंजीत भोंगा नव्हता, तरी ती त्याच वेळेला उठायची.

घरी कोणी नवीन माणूस आला आणि "किती जण आहात घरी?" असं त्यानं विचारलं, की बाबा म्हणायचे, "सात जनं. अन् बाई हाय." बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमची आत्या. आईही तसंच सांगायची, आम्ही पोरंही तसंच. सात आणि बाई. आत्या हे ऐकत असायची. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही पाहायचोही नाही.

ती बिचारी वगैरे होती असं मात्र कोणी समजू नये. तिची जीभ विळ्यासारखी होती. शेजारपाजारच्या बाया तिच्याकडं सल्ल्याला यायच्या आणि चार शब्द ऐकून जायच्या. लग्नकार्याचे सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या शेवया, आंजीत तिच्यासारखे कोणाला जमत नसत. पिठाची दोरी काडीवर गुंडाळताना तिचा हात आणि तोंड सारख्याच वेगानं चालायचं. मला ती "कॉलेजवाली" म्हणायची, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळच्या एस.टी.नं वर्धेला जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, त्यामुळं माझ्या डोक्यात बरीच हवा शिरली होती. कोणी बोललं की मी दुरुस्त करायची. आईचं "टेशन" दुरुस्त केलं, बाबांचा "जिल्ला" दुरुस्त केला. आत्या जुनी तिसरी शिकलेली, बोट ठेवून ठेवून वाचायची. वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय फेकायची नाही. कधी चिठ्ठी लिहायची वेळ आली तर "गांव" वर टिंब, "नांव" वर टिंब, "पांच" वर टिंब द्यायची. मी म्हणायची, आत्या, ही टिंबं आता बंद झाली, सरकारनंच काढली. ती म्हणायची, "सरकारले काय अडचन झाली त्याहिची?"

त्या भादव्यात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रॅक्टिकलसाठी तरोट्याची फुलं आणायला सांगितली. तरोटा म्हणजे टाकळा, पावसाळ्यात धुऱ्यावर, उकिरड्यावर, पायवाटेला, कुठंही उगवणारं रानगवत. कोवळा असताना आम्ही त्याची भाजी खायचो. मी घरी सांगितलं तर आत्या पदर तोंडावर घेऊन हसली.

"वर्धेले जाऊन तरोटाच शिकाचा होता त इथंच शिकवला असता व मी तुले."

पण सकाळी तीच जाऊन फुलं तोडून आली आणि ओल्या फडक्यात बांधून मला दिली. गाडीला अवकाश होता. तिला माझं ज्ञान दाखवायची हौस मला होतीच. ओसरीत बसून मी एक पिवळं फूल उघडलं, पाकळ्या बाजूला केल्या आणि टाचणीच्या टोकानं एकेक पुंकेसर मोजून दाखवला. हे नराचे अवयव, यांच्या टोकाशी पराग असतात, आणि हे बघ, एकूण सात.

आत्या खाली वाकली. तिची नजर तांदळातले खडे वेचून तयार झालेली होती.

"अन् हे तीन?"

"कोणते?"

"हे काय, बारके बारके. मागं लपून राह्यले ते."

"ते काही नाहीत," मी म्हटलं. "त्यांच्यात पराग नाहीत."

"काही नाईत कसे? दिसून त राह्यले."

मी घड्याळ पाहिलं आणि फडकं उचलून गाडी गाठली. कॉलेजात वहीवर सुबक आकृती काढली आणि खाली लिहिलं, पुंकेसर सात. सर टेबलाटेबलाशी फिरत होते. माझ्यापाशी आले, वही पाहिली, लाल पेनानं सात खोडला आणि दहा लिहिला.

मी वाद घातला. मी वाद घालणारच. म्हटलं, सर, बाकीच्या तिघांना काही काम नाही.

"काम विचारलं होतं की संख्या?" सर म्हणाले. मग त्यांनी सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. खिडकीतून गुलमोहोराचं झाड दिसायचं, त्याच्याकडं हात केला. गुलमोहोराच्या फुलात दहा पुंकेसर, दहाही कामाचे. तरोट्यात सात कामाचे, तीन खुरटलेले, आणि एखाद्या फुलात ते तीनही सापडत नाहीत. चिंचेच्या फुलात तीनच कामाचे, बाकीच्यांची नुसती केसाएवढी टोकं उरलेली. आता गुलमोहोर, तरोटा आणि चिंच ही एकमेकांची भावकी आहे असं वरून पाहून कोणी म्हणेल? एक शोभेचं मोठं झाड, एक उकिरड्यावरचं गवत, एकाचं फळ आंबट. पण मोजताना ती खुरटलेली टोकंही मोजा, मग कूळ कळेल. फक्त कामाचे मोजाल तर तरोट्याला सातवाल्यांच्या घरात नेऊन ठेवाल, चिंचेला तीनवाल्यांच्या, आणि सगळा गोंधळ कराल.

मग ते एक वाक्य बोलले, ते मी वहीच्या समासात लिहून घेतलं होतं. कामाचा अवयव पोटासाठी रूप बदलतो, तो फसवतो; बिनकामाच्या अवयवाला बदलायचं कारणच नसतं, म्हणून तो खरं बोलतो. देवमासा पाण्यात राहून राहून माशासारखा झाला, पण त्याच्या अंगात मागच्या पायांच्या जागी हाडाचे दोन तुकडे अजून आहेत. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तरी पोटातल्या वासराच्या हिरडीत त्यांची सुरुवात झालेली असते, ते दात कधी बाहेर येत नाहीत. माणसाच्या कानामागं कान हलवायचे स्नायू आहेत. बहुतेकांना ते हलवता येत नाहीत, कोणाकोणाला येतात.

घरी येऊन मी हे सगळं ताटावर बसल्या बसल्या सांगितलं. तरोट्यात दहा निघाले हे आधी कबूल करावं लागलं. आत्या एवढंच म्हणाली, "मंग? सांगितलं नव्हतं तुले?" वासराच्या दातांवर बाबा बराच वेळ विचार करत राहिले. बैलाचे दात पाहून वय सांगण्यात त्यांची हयात गेली होती. शेवटी म्हणाले, "येतच नाईत त देव घडोते काऊन?" ते टाळून मी कानांच्या गोष्टीवर गेले.

तेव्हा बाबांनी घास खाली ठेवला, जरा लाजले, आणि कान हलवले. आधी डावा, मग उजवा. आम्ही पोरं खुळ्यासारखी पाहत राहिलो. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी दाखवलं नव्हतं.

"त्यात काय होते?" चुलीपाशी आत्या म्हणाली. तिनं पदर मागं सारला आणि तिचे कान हलले. आधी डावा, मग उजवा.

आईला हसून हसून ठसका लागला. सेलूच्या माहेरात असलं काही नव्हतं. मग आम्ही पाचही जणांनी तोंडं वेडीवाकडी करून पाहिली, जमलं फक्त धाकट्या भावाला. बाबा उंच, काळे, कमी बोलणारे. आत्या ठेंगणी, गोरी, तोंडाची फटकळ. दोघं भाऊबहीण आहेत हे परक्याला सांगावं लागायचं. आणि एकाच कुळाची खूण निघाली ती कानामागं, कोणाच्या कामी न येणाऱ्या जागी. मला तेव्हा सरांचं वाक्य पटलं, आणि मला सगळं समजलं असा माझा समज झाला. काखेत कळसा असतो तो असा.

पुढच्या वैशाखात दादाचं लग्न ठरलं. मुलगी हिंगणघाटकडची. लग्न मुलीच्या गावी, पण पत्रिका आमची वेगळी छापायची होती. मजकूर कोण लिहिणार, तर कॉलेजवाली. मी कागद-पेन घेऊन बसले. वर देवाचं, मग वर-वधू, मग आपले विनीत म्हणून घरातले पुरुष, आणि शेवटी आत्या, मामा, मावश्या यांची रांग, प्रत्येकीच्या मागं नवऱ्याचं नाव आणि गाव. आमच्याकडं हे फार बारकाईनं वाचलं जातं. कोणाचं वर, कोणाचं खाली, कोणाचं राहिलं, यावरून पुढं दहा वर्षं अबोले चालतात. मावश्या झाल्या, मामा झाले. आत्याच्या ओळीशी पेन थांबलं.

काय लिहावं? सौ. लिहिलं तर पाठोपाठ तिच्या नवऱ्याचं नाव लिहावं लागणार, आणि ते लिहिलं तर बाबांचा जीव जाणार. श्रीमती लिहावं तर लोक म्हणणार, नवरा कधी गेला? आडनाव कुठलं, इकडचं की तिकडचं? गाव कुठलं? पाहुण्यांच्या रांगेत टाकावं तर ती घरातली, विनीतांच्या रांगेत टाकावं तर तिथं सगळे पुरुष. आमच्यात लग्नात नवरीचं पहिलं नावही बदलतात. आत्याचं पुलगावचं नाव रेशन कार्डावर होतं, त्या नावानं तिला हाक मारताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. माहेरचं नाव मला ठाऊकच नव्हतं. घरात ती बाबांची बाई, आईची बाई आणि आमची पुलगावची आत्या.

संध्याकाळी बाबांना विचारू म्हणून मी त्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, आणि विसरले. कागद वर्धेच्या प्रेसमध्ये गेला. प्रेसवाल्यानं प्रश्नचिन्ह छापलं नाही, एवढंच.

प्रूफ मीच तपासलं. तेव्हा ते माझ्या नजरेतून सुटलं असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. नजरेत आलं होतं. गाडीची वेळ झाली होती, पोटात भूक होती, आणि मनात आलं की आत्या तर घरचीच आहे, तिला कशाला लागतं पत्रिकेत नाव? हे लिहिताना आजही माझा मलाच राग येतो.

पत्रिकांचा गठ्ठा आला तेव्हा आत्या अंगणात सरगुंडे करत होती. मी मोठ्या ऐटीत पहिली पत्रिका तिच्या हातात दिली. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, पत्रिका मांडीवर ठेवली आणि वरून बोट ठेवून वाचायला लागली. फार वेळ वाचत होती. एका ठिकाणी बोट थांबलं.

"वधूचे गावी. हे गावावरचं टिंब कुठं गेलं?"

"आता देत नाहीत, आत्या. किती वेळा सांगितलं. त्याचा उच्चारच होत नाही."

"उच्चार होत नाई म्हनून काढलं?"

"हो."

तिनं पुढं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत बोट गेलं, मग परत वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. मग तिनं पत्रिका घडी घालून मला परत दिली.

"बरं," म्हणाली, आणि काडी उचलून पुन्हा सरगुंडे करायला लागली.

मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेतात निघाले होते, तेव्हा ती माजघरातून बाहेर आली. खाटेखालची पेटी तिनं बाहेर ओढली होती, वर दोन लुगडी घडी करून ठेवली होती.

"लगन झालं का मी पुलगावले जातो," ती बाबांना म्हणाली.

बाबांना वाटलं चेष्टा आहे. "तिथं कोन हाय तुहं?"

"कोनी नाई. पन तुमी सारे पुलगावचीच म्हनता न मले. अन् घरच्या पत्रिकेत त मी नाई. घरची नाई म्हंजे पाहुनी. पाहुनीनं तीस वर्सं राहावं काय बाप्पा?"

बाबांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका घेतली. वाचली. मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"तूनं लिहिली न?" ते मला म्हणाले. "तूच निस्तर आता." आणि शेतात निघून गेले, न खाता.

मी आत्यापाशी गेले. पेटीच्या कडेला ती लुगडं पुन्हा पुन्हा घडी करत बसली होती. मला रडू येत होतं, पण रडायच्या आधी शहाणपणा करायची माझी खोड. मी म्हटलं, आत्या, चूक झाली. मी ती चूक तरोट्यात केली होती, तीच परत केली. तू म्हणालीस ना, ते तीन दिसतात. सर म्हणाले होते, जे कामाचं नाही तेही मोजावं लागतं, त्याच्यावरूनच कूळ कळतं.

तिनं वर पाहिलं.

"मी बिनकामाची हाओ?"

"तसं नाही गं."

"मी काय फूल हाओ?" तिचा आवाज चढला नाही, हे मला आठवतं. "फुलाले इचारता येत नाई. म्हनून तुमी सुई घेऊन बसता अन् मोजता. मी त या घरातच होती. चुलीपाशी. मले इचाराले काय झालतं तुले?"

मी सगळं अडलेलं गणित मनात मांडलं होतं, सौ. की श्रीमती, इकडचं की तिकडचं, वर की खाली. चार पावलांवर ती भाकरी थापत होती, आणि जाऊन विचारावं हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी तिला नीट पारखून पाहिलं होतं, तिच्याशी बोलले नव्हते. मी रडले. तिनं मला जवळबिवळ घेतलं नाही. रडू दिलं.

रडून झाल्यावर मी विचारलं, "काय लिहू, आत्या?"

हा प्रश्न तिला तीस वर्षांत कोणी घातला नसावा. ती दाराबाहेर पाहत राहिली, अंगणात सरगुंडे वाळत होते तिकडं. मग म्हणाली, "पेन आन."

मी पेन आणि एक पत्रिका दिली. शेवटच्या ओळीखाली, मावश्यांच्याही खाली, जी बोटभर कोरी जागा होती तिथं तिनं एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. आधी "वराची आत्या". मग तिचं माहेरचं नाव. त्याआधी सौ. नाही, श्रीमती नाही, कोणाचं आडनाव नाही. पुढं "गांव आंजी (मोठी)", कागदोपत्री असतं तसं. गावावर टिंब.

ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तरोट्याचं लॅटिन नाव मला पाठ होतं आणि हे ठाऊक नव्हतं. इथं मी कोणाचंच नाव लिहीत नाही म्हणून तेही लिहीत नाही, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी ते दीडशे वेळा लिहिलं. प्रत्येक पत्रिकेवर, तिच्या अक्षराबरहुकूम, टिंबासकट. छापलेल्या काळ्या ओळींखाली निळ्या शाईची ती एक ओळ फार उघडी पडायची. मी म्हटलं, आत्या, लोकांना कळेल गं, मागून लिहिलं म्हणून.

"कयू दे. मागूनच लिहिलं त मागूनच लिहिलं. कोनं इचारलं त सांगजो, आमी इसरलो होतो."

ज्यांनी विचारलं त्यांना मी तेच सांगितलं. पेटी परत खाटेखाली गेली. ती कधी ढकलली मी पाहिलं नाही, फक्त एका सकाळी ती जागेवर होती. मांडववाला घरी आला, घरातली माणसं किती म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "सात…" आणि थांबले. मग म्हणाले, "आठ." आत्या आतून ऐकत असणार. नेहमीच ऐकत असायची.

पुढं ऐंशीनंतर मी सेलूला शाळेत शिकवायला लागले. भादव्यात पोरं तरोटा घेऊन यायची आणि दरवर्षी निम्मी पोरं सातच मोजायची. मी लाल पेन उघडत नसे. म्हणायची, पुन्हा पाहा. तिथल्या मराठीच्या बाईंना मी एकदा टिंबाचं विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, गांव शब्द ग्रामपासून आला. त्यातला म बोलण्यातून गेला, त्याची खूण म्हणून ते टिंब उरलं होतं. नांव मधलं नामचं, पांच मधलं पंचचं. उच्चार नसला तरी कूळ सांगायचं ते. मी घरी जाऊन हे आत्याला सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "मंग काढलं कायले?" आणि भाजी निवडत राहिली. तिला आम्ही पुलगावची आत्याच म्हणत राहिलो, जिभेची सवय जात नाही. तिनंही ओ देणं सोडलं नाही.

पण या सगळ्यात माझ्या डोळ्यासमोर राहिलं आहे ते लग्नानंतरच्या दिवसाचं. वरात आंजीला आली, नवरी घरात आली. ओसरीत पाट मांडले, ताटात तांदूळ पसरले. दादानं अंगठी हातात घेतली. तांदळात नवरीचं नवं नाव लिहायचं होतं. नाव आधीच ठरलं होतं, दादाच्या जन्मपत्रिकेवरून गुरुजींनी अक्षर काढून दिलं होतं, आई-बाबांनी पसंत केलं होतं. बाया गर्दी करून उभ्या होत्या. दादानं तांदळात पहिली रेघ ओढली.

"थांब रे," मागून आवाज आला.

आत्या बायांमधून वाट काढत पुढं आली. तिच्यासारख्या सासर सुटलेल्या बाईला अशा वेळी पुढं येऊ देत नसत, आणि ती कधी आली नव्हती. ती ताटापाशी बसली आणि वाकून नवरीच्या खाली घातलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"हिले इचारलं काय कोनं?"

कोणी विचारलं नव्हतं. गुरुजी खाकरले. आई माझ्याकडं पाहायला लागली, जसं काही हे मी शिकवलं होतं.

"तुले कोनतं पायजे व माय?" आत्यानं नवरीला विचारलं.

नवरी मान वर न करता म्हणाली, "कोनतंही चालते."

"चालते नाई. सांग."

मग त्या पोरीनं अगदी हळू आवाजात स्वतःचंच नाव सांगितलं, जे घेऊन ती आली होती. आत्यानं ताटातली दादाची रेघ तळहातानं पुसून टाकली, तांदूळ सारखे केले आणि म्हणाली,

"हं. लिही."